ऋण वेगळं, वजा वेगळं

नमस्कार मंडळी. ऐकता ऐकता एक काम करा, घरात दोन रंगांची पंधराएक बटणं सापडतायत का बघा, बटणं नसली तर काड्या चालतील, कागदाचे कपटे पण चालतील, थोड्या वेळाने लागणारेत.

परवा एका मुलीच्या वहीत गणित बघितलं. ऋण तीन वजा पाच. उत्तर लिहिलेलं आठ, खाली दोन रेघा मारून, एकदम कॉन्फिडन्ट. मी विचारलं आठ कसे गं आले, तर म्हणाली मायनस मायनस प्लस होतं ना! आता हिला काय बोलणार, जे पाठ करून दिलं तेच तिने वापरलं. त्या मंत्रात तो कुठे लावायचा आणि कुठे नाही हे सांगितलेलंच नसतं. दोन ऋण संख्यांचा गुणाकार असेल तर लागतो, वजाच्या पुढे कंसात ऋण संख्या असेल तरी लागतो, पण इथे आधीच शून्याच्या खाली तीनवर आहोत आणि अजून पाच काढायचेत, मग वर कसे येऊ?

माझ्या मते निम्मा घोळ त्या 'मायनस' शब्दाचा आहे. एकच आडवी रेघ, पण कामं दोन. कधी ती सांगते की काढून टाक, कधी सांगते की ही संख्या शून्याच्या अलीकडची आहे. आणि गंमत म्हणजे मराठीत दोन्हीला वेगळे शब्द आहेत, वजा आणि ऋण, फुकटात मिळालेले, तरी आपण सरसकट मायनस मायनस करत बसतो. "तीन मायनस मायनस दोन" म्हटलं की पोरगं मंत्र शोधायला लागतं, तेच "तीन वजा ऋण दोन" म्हणा, मग त्याला निदान कळतं की दोन ऋण काढून टाकायचेत. महिनाभर घरी एवढं एकच पाळून बघा.

ऋण म्हणजे कर्ज. इसवी सन 628 मध्ये ब्रह्मगुप्ताने ब्राह्मस्फुटसिद्धान्तात या संख्यांचे नियम लिहिले तेव्हा धन आणि ऋण हेच शब्द वापरले, शून्यातून ऋण काढलं की धन होतं हेसुद्धा तिथे आहे. आणि पोरांना हे अवघड जातं म्हणून वैतागू नका हां, युरोपात अठराव्या शतकातही चांगले शिकलेले गणिती शून्यापेक्षा कमी असं काही असूच शकत नाही म्हणून वाद घालत होते.

कर्जाचं उदाहरण मला स्वतःला लहान मुलांसाठी फारसं पटत नाही, कर्ज हे मोठ्यांचं दुखणं. त्यापेक्षा खेळातले दंडाचे गुण घ्या, पंचाने दोन दंडाचे गुण मागे घेतले की स्कोअर वर जातो, हे पोरांना न शिकवता कळतं. संख्यारेषाही चांगली, पण तिथे मुलं उड्या मोजायच्या ऐवजी रेघा मोजतात आणि उत्तर एकाने चुकतं, तेवढं बघा.

आता बटणं घ्या. निळं म्हणजे धन एक, लाल म्हणजे ऋण एक. एक निळं आणि एक लाल जोडीने ठेवलं की दोघं मिळून शून्य, ही जोडी नीट डोक्यात बसली पाहिजे, बाकी सगळं तिच्यावर आहे. रंगांची आयडिया माझी नाही बरं का, चीनमध्ये काड्या मांडून हिशोब करायचे, आणि लिऊ हुई या तिथल्या गणितज्ञाने 263 साली एका जुन्या गणिताच्या ग्रंथावर लिहिलेल्या टीकेत, म्हणजे स्पष्टीकरणात, धन संख्यांना लाल काड्या आणि ऋणांना काळ्या असं आहे, म्हणजे लाल आपल्या बरोब्बर उलट.

ऋण पाच वजा ऋण दोन. पाच लाल मांडा, दोन लाल उचला, उरले तीन लाल, ऋण तीन. कुठला नियम लागला? काहीच नाही. मग तीन वजा ऋण दोन घ्या. तीन निळी मांडली, आता दोन लाल उचला म्हटलं तर लाल आहेतच कुठे! इथे मुलं अडकतात, अडकू द्या, लगेच सांगू नका प्लीज. कुणीतरी म्हणतंच, मग लाल आणू या. नुसती लाल आणली तर संख्याच बदलेल, म्हणून प्रत्येक लालबरोबर एक निळं आणायचं, दोन जोड्या, म्हणजे शून्यच आणलं. आता दोन लाल उचला. समोर पाच निळी. ऋण काढलं आणि बेरीज झाली ती कशी, हे पोराने स्वतःच्या हाताने केलेलं असतं.

त्या मुलीला मी तिचंच गणित परत दिलं, ऋण तीन वजा पाच. तिने तीन लाल मांडली, पाच निळी काढायची तर एकही निळं नाही, म्हणून पाच जोड्या आणल्या, पाचही निळी उचलली आणि उरलेली मोजली. आठ. माझ्याकडे बघून हसली, म्हणाली बघा, आठ तर बरोबरच होते माझे, मी फक्त लाल लिहायचं विसरले.