होळीनंतर ग्रामसभा का घेत नाही, भो?

राम राम मंडळी!

26 जानेवारीला झेंडावंदन झालं, पोरांना गोळ्या-बिस्किटं वाटली, आणि लगेच शाळेच्या ओट्यावर ग्रामसभाही उरकली. प्रोसिडिंगमध्ये, म्हणजे सभेच्या इतिवृत्तात, लिहिलं 'सर्वानुमते मंजूर'. आता मला सांगा, त्या दिवशी गावात होतं कोण?

नंदुरबार जिल्ह्यातल्या धडगाव-अक्कलकुव्याकडचे पाडे, म्हणजे आदिवासी वस्त्या, डोळ्यांसमोर आणा. दिवाळी झाली की घरंच्या घरं ऊसतोडीला गुजरातेत जातात. म्हातारी माणसं आणि कोंबड्या तेवढ्या मागे राहतात. माणसं परततात ती होळीला. काठी गावची राजवाडी होळी असो की आपल्या पाड्यावरची, होळीला माणूस घरी येतोच. मग घरकुलाची यादी जानेवारीत वाचली, तर ज्यांना घर नाही तेच ती ऐकायला नसतात. कुणी मुद्दाम केलंय असं मी म्हणत नाही. तारीख सरकारी सोयीची आहे, एवढंच.

कायदा काय सांगतो ते थोडक्यात बघू. महाराष्ट्रात वर्षाला किमान 4 ग्रामसभा घ्याव्याच लागतात. गावच्या मतदार यादीत नाव असलेला प्रत्येक जण तिचा सदस्य, मग तो सालदार असो की बागायतदार. साधारण गावांत कोरम, म्हणजे सभेला लागणारी किमान हजेरी, 15 टक्के मतदार किंवा 100 माणसं, यातला जो आकडा कमी असेल तो. कोरम भरला नाही तर सभा तहकूब होते, आणि तहकूब सभेला कोरम लागतच नाही! मेख इथंच आहे. आठ-दहा जण बसतात, चहा होतो, ठराव होतो.

यावर उपाय त्याच कायद्यात आहे. सरपंच स्वतःहून जादा ग्रामसभा बोलावू शकतात. त्यासाठी मुंबईहून कागद यावा लागत नाही. होळीनंतरच्या आठवड्यात एक सभा ठेवा, ती संध्याकाळी ठेवा, मजुरी बुडणार नाही अशी. सरपंचांकडे हे लेखी मागा आणि पोच घ्या. तोंडी मागितलेलं आपल्याकडे वाऱ्यावर जातं.

आता बायकांचं. प्रत्येक नियमित ग्रामसभेआधी महिलांची वेगळी सभा घ्यायची असते. बऱ्याच गावांत ती फक्त वहीत होते. सह्या घरोघरी फिरून आणतात. 'वेगळी कशाला, मोठ्या सभेत बोला की', असं म्हणणारे भेटतात. त्यांना मी शहाद्याची आठवण देतो. 1972 च्या सुमारास, तेव्हाच्या धुळे जिल्ह्यात, आदिवासी नेते अंबरसिंग महाराजांच्या मागे भिल्ल शेतमजूर उभे राहिले, श्रमिक संघटना झाली. त्या चळवळीत बायका आधी आपसांत बसल्या, आणि मग गावोगाव दारूची मडकी फुटली. सासरा, दीर, मालक समोर बसलेले असताना दारूबद्दल कोण तोंड उघडणार होतं?

आणि भाषा! ग्रामपंचायतीचे भाऊसाहेब शासन निर्णय वाचतात ती मराठी मलाही दोनदा वाचावी लागते. समोर बसलेल्यांची बोली पावरी, भिली, तडवी, कुठे गुजरी, कुठे अहिराणी. हात वर होतात, पण कशासाठी ते निम्म्यांना बाहेर पडल्यावर कळतं. ठराव टाकण्याआधी पाड्यातल्याच एखाद्या पोरीनं तो बोलीत सांगावा. पाच मिनिटं जातील. आपण अहिराणी बोलणाऱ्यालाच हसतो, पावरीचं तर विचारूच नका, म्हणून हे आवर्जून सांगतोय.

नंदुरबार जिल्ह्याचा मोठा भाग, धुळ्यात साक्री-शिरपूरचा काही भाग, जळगावात चोपडा, यावल, रावेरमधली काही गावं पेसा क्षेत्रात येतात. पेसा म्हणजे आदिवासी भागातल्या ग्रामसभेला जादा अधिकार देणारा कायदा. कायदा 1996 चा, आपल्या राज्याचे नियम 2014 चे. तिथं पाड्याला स्वतःची ग्रामसभा मागता येते. मूळ गाव चार कोस लांब, आणि तिथं जाऊन पाड्यानं मागच्या रांगेत बसायचं, हे टाळायला ही तरतूद आहे. पाड्यातल्या निम्म्याहून जास्त मतदारांनी ठराव करायचा आणि तो उपविभागीय अधिकाऱ्यांकडे द्यायचा. गावातल्या मोठ्या माणसांना हे रुचत नाही. 'गाव फोडताय का' असं ऐकावं लागेल. ऐकून घ्या. विहीर कुठं खणायची हे ठरवताना पाड्याला विचारणं म्हणजे गाव फोडणं नव्हे.

पैशाचंही बघा. आदिवासी उपयोजनेतला, म्हणजे राज्यानं आदिवासींसाठी वेगळ्या ठेवलेल्या पैशातला, 5 टक्के निधी 2015 पासून थेट पेसा ग्रामपंचायतींना मिळतो. तो कशावर खर्चायचा हे ग्रामसभेनं ठरवायचं असतं. तेव्हा या आठवड्यात एक काम करा. ग्रामपंचायतीत जा, मागच्या ग्रामसभेचं प्रोसिडिंग मागा, आणि हजेरीत तुमच्या पाड्यातली किती नावं आहेत ते मोजा. नाव असून माणूस त्या दिवशी गुजरातेत बारडोलीला ऊस तोडत होता, असं निघालं तर मला कळवा. पुढचा व्हिडिओ त्यावरच करू.