बाहेरचं काही न घालता केलेली वाइन

श्रोतेहो, नमस्कार.

नारायणगाव-जुन्नरची द्राक्षं पुणेकरांना नवी नाहीत. त्याच नारायणगावात 1980च्या दशकात वाइनही होऊ लागली. आज मात्र बोलायचंय ते युरोपात घरच्या घरी चालणाऱ्या छोट्या सेंद्रिय वाइनरींबद्दल. बाग घरची, राबणारे हात घरचे, आणि रसात बाहेरचं जवळजवळ काहीच पडत नाही. वाइन प्यावी की नाही हा ज्याचा त्याचा प्रश्न. मी शेतीविषयी बोलतोय.

सेंद्रिय म्हणजे फवारणीच नाही, असा समज आहे. पण सेंद्रिय बागेलाही केवडा, भुरी हे बुरशीचे रोग येतात. तिथे गंधक चालतं, मोरचूद आणि चुन्याचं बोर्डो मिश्रणही चालतं. फक्त बोर्डोतलं तांबं मातीत साठत जातं, म्हणून युरोपीय संघाने मर्यादा घातली आहे: हेक्टरी 7 वर्षांत 28 किलो. मग पंप उचलण्याआधी हात चालवावे लागतात. घडाभोवतीची पानं काढायची, वारा खेळू द्यायचा.

पुढचं काम अधिक जोखमीचं. मोठे कारखाने सहसा रसात पाकिटातलं यीस्ट घालतात. ही मंडळी सालीवर आणि टाकीच्या भिंतींवर असलेल्या रानटी यीस्टवर भिस्त ठेवतात. आंबवण सुरू करणाऱ्या जाती वेगळ्याच असतात. अल्कोहोल 4-5 टक्क्यांवर गेलं की त्यांचा दम संपतो आणि सॅकरोमायसिस, म्हणजे पाव फुगवणारं तेच यीस्ट, सूत्रं हाती घेतं. या खांदेपालटात रस रेंगाळला, तर नको ते जीवाणू डोकं वर काढतात आणि वाइनऐवजी व्हिनेगरच्या वाटेला लागतो. म्हणून वर तरंगणारा सालींचा थर दिवसातून दोन-तीनदा खाली दाबायचा, वास घ्यायचा, चव बघायची. पगारी माणूस संध्याकाळी घरी जातो, आंबणारा रस काही सुट्टी घेत नाही. असे धंदे घरातच टिकतात त्याला, माझ्या मते, परंपरेच्या प्रेमापेक्षा हे कारण मोठं आहे.

आता सल्फाइट. हे वाइन टिकवायला घालतात. युरोपात साध्या कोरड्या रेड वाइनला लिटरमागे 150 मिलिग्रॅमची मुभा आहे, सेंद्रियला 2012च्या नियमांनुसार 100. बाहेरचं काही न घालणारे हे नैसर्गिक वाइनवाले फार तर बाटली भरताना चिमूटभर घालतात. ‘अजिबात सल्फाइट नाही’ असं कुणी ठासून सांगितलं तर मात्र हसून सोडून द्या, कारण यीस्ट स्वतःच थोडंसं तयार करतं.

हे आपल्याकडे जमेल? अडचण उष्म्याची आहे. युरोपातली वेल हिवाळ्यात झोपते, आपली झोपतच नाही. म्हणून एप्रिलात नव्या काड्यांसाठी खरड छाटणी, ऑक्टोबरच्या सुमारास फळछाटणी, आणि तोडणी जानेवारी ते मार्च. म्हणजे रस टाकीत येतो तेव्हा पुण्याचा पारा चढू लागलेला असतो. आंबताना रस स्वतःही तापतो, आणि 35 अंशांच्या पुढे यीस्ट गळपटतं. जॉर्जिया देशात मातीचे मोठे रांजण जमिनीत पुरतात, तिथे गारवा आपोआप मिळतो. या पद्धतीला 2013 साली युनेस्कोच्या वारसा यादीत जागाही मिळाली. आपल्या उन्हात तेवढ्यावर भागेल असं मला वाटत नाही. तोडणी पहाटे उरकावी आणि टाकी खुशाल यंत्राने थंड करावी. कट्टर मंडळी नाक मुरडतील, पण गारवा म्हणजे काही भेसळ नव्हे.