आडोशाची काच

(दृश्य: उभ्या धारांची, म्हणजे उभ्या उंचसखल रेघांच्या नक्षीची काच, मागे एक हात)

हा हात बघा. आत्ता काचेला अगदी टेकलाय, बोटं मोजता येतात, अंगठीसुद्धा दिसते. आता तो मागे सरकतोय, हळू. एक वीत मागे आला आणि बोटं एकमेकांत मिसळली. अजून मागे, हातभर. आता नुसता रंग राहिला, हात आहे की कपडा आहे काही सांगता येत नाही. काच तीच, उजेडही तोच, बदललं ते फक्त अंतर.

आडोसा हवा म्हटलं की आपल्याला आधी भिंत सुचते, नाहीतर जाड पडदा, नाहीतर प्लायचं पार्टिशन. लोकांची नजर अडते खरी, पण त्याबरोबर उजेडही अडतो आणि मग भर दुपारी दिवा लावून बसायचं. मला हे कधीच पटलं नाही. ज्या घरात उजेड येऊ शकतो तिथे तो आलाच पाहिजे, आणि नजर अडवायला फक्त काचेच्या अंगावरची नक्षी पुरते. ती नक्षी येते कुठून ते बघायला चला, आधी भट्टीवर.

(दृश्य: भट्टीचं तोंड, केशरी उजेड)

सिलिका वाळू, सोडा ॲश, चुनखडी आणि त्यात फुटक्या काचेचा चुरा, ज्याला इथे सगळे कलेट म्हणतात. हा चुरा नुसता काटकसर म्हणून घालत नाहीत, तो लवकर वितळतो आणि बाकीच्या मालालाही वितळायला मदत करतो, त्यामुळे इंधन वाचतं. आत तापमान १५०० अंश सेल्सिअसच्या वर. काच इथे पाण्यासारखी नसते, मधासारखी असते, संथ, जड, स्वतःच्याच उजेडात चमकणारी.

आणि आता हे दोन रोलर. या शॉटवर आम्ही सगळ्यात जास्त वेळ थांबलो, कारण सगळी गंमत इथेच आहे. एक रोलर गुळगुळीत, दुसऱ्यावर नक्षी कोरलेली, पण उलटी कोरलेली, म्हणजे रोलरवर जिथे खड्डा तिथे काचेवर उंचवटा येणार. दोघांच्या पोटातून सतत पाणी फिरतं, नाहीतर एवढ्या गरम काचेपुढे त्यांचा टिकाव लागायचा नाही. दोघांमधली फट जेवढी तेवढी काचेची जाडी, ४ मिलिमीटर, ५, ६, जशी ऑर्डर असेल तशी. वितळलेली काच त्या फटीत शिरते, थंड रोलरला टेकल्याबरोबर तिची वरची कातडी आवळते आणि नक्षी तिथेच धरली जाते. आत शिरताना नुसता लाल लगदा असतो, बाहेर येते ती नक्षीची सलग पट्टी. कितीही वेळ बघितलं तरी डोळा हटत नाही.

जरा जवळून बघा, या पट्टीत इथे एक बारीकसा ठिपका आहे. आता पट्टीबरोबर पुढे चला... हा बघा, पुन्हा तोच ठिपका. रोलरवर कुठेतरी एक टोचा आहे, आणि रोलरचा एक फेरा झाला की काचेवर तो परत उमटतो. म्हणून काचेचे दोन पत्रे शेजारी शेजारी लावायचे असतील तर जुना कारागीर आधी नक्षी जुळवून बघतो, मगच काच कापायचा हिरा चालवतो. आणि हिरा चालवायचा तो नेहमी सपाट बाजूने, नक्षीच्या बाजूने रेघ सरळ पडतच नाही.

पट्टी इथून एका लांबलचक बोगद्यात जाते आणि तिथे अगदी सावकाश थंड होते. घाई केली तर काचेच्या आत ताण राहतो आणि कापताना ती भलतीकडेच तडकते.

(दृश्य: जुनी चित्रं, काचेच्या छपराखालचं रेल्वे स्टेशन)

ही पद्धत बरीच जुनी आहे. इंग्लंडमध्ये संडरलंडला जेम्स हार्टलीने १८४७ मध्ये रोल्ड प्लेटचं पेटंट घेतलं, वितळलेली काच पळीने थेट लोखंडी टेबलावर ओतायची आणि वरून रोलर फिरवायचा. ती आरपार स्वच्छ दिसायची नाही, पण छपराला काय हवं तर उजेड, त्यामुळे स्टेशनांच्या आणि कारखान्यांच्या छपरांवर ती जाऊन बसली. पुढे बर्मिंगहॅमजवळच्या स्मेदिकचे चान्स ब्रदर्स, लंडनच्या १८५१ च्या प्रदर्शनासाठी उभारलेल्या काचेच्या इमारतीची, क्रिस्टल पॅलेसची काच ज्यांनी बनवली तेच, त्यांनी १८९० च्या सुमारास नक्षी उठवणारं रोलरचं मशीन आणलं. जे आधी दोष वाटत होतं, म्हणजे आरपार न दिसणं, ते आता मुद्दाम ठरवून, सुंदर करून मिळायला लागलं. १९५९ मध्ये इंग्लंडच्याच पिल्किंग्टन कंपनीने फ्लोट काच जाहीर केली, वितळलेल्या कथिलावर तरंगवून बनवलेली, एकदम सपाट. साधी काच आज बहुतेक तशीच बनते. नक्षीची काच मात्र अजून याच दोन रोलरच्या मधून येते.

आता नक्षी उठवायची दुसरी रीत, सरसाची. हो, लाकूड चिकटवायचा तोच, जनावरांच्या हाडा-कातड्यापासून केलेला. काच आधी वाळूच्या फवाऱ्याने खरबरीत करायची आणि तिच्यावर गरम सरस ओतून वाळायला ठेवायचं. आवाज ऐका.

(आवाज: टिक... टिक टिक)

सरस वाळताना आकसतो, आणि त्याची पकड एवढी घट्ट असते की आकसताना तो काचेचे बारीक कपचेच उपटून काढतो! मागे उरतं ते हे, नेच्याच्या पानांसारखं, थंडीत खिडकीवर बर्फ धरतो ना तसं. रोलरची नक्षी फेऱ्याफेऱ्याला परत येते, इथे मात्र एक पत्रा दुसऱ्यासारखा कधीच निघत नाही.

तो वाळूचा फवारा म्हणजे सँडब्लास्टिंग, बेंजामिन टिल्गमनने १८७० मध्ये त्याचं पेटंट घेतलं. आपण जिला फ्रॉस्टेड किंवा दुधी म्हणतो ती काच बऱ्याचदा अशी होते, नाहीतर हायड्रोफ्लोरिक ॲसिडने. ते ॲसिड कातडीतून आत शिरून हाडापर्यंत जातं आणि वाळूच्या धुळीने सिलिकोसिस हा फुफ्फुसाचा आजार होतो, म्हणून हे काम बंद पेटीत, हातमोजे-मास्क लावून आणि जाणत्या माणसानेच करायचं.

आता एक प्रयोग. दुधी काच, मागे वर्तमानपत्र, अक्षर दिसत नाही. खरबरीत बाजूवर बोटाने पाणी फिरवतोय... दिसलं? मथळा वाचता येतोय! काच कुठे गेली नाही, पाण्याने तिचे खड्डे भरले. हवा आणि काच यांच्यात उजेड खूप वाकतो, पाणी आणि काच यांच्यात थोडाच, कारण अपवर्तनांक, म्हणजे उजेड किती वाकतो त्याचं माप, पाण्याचा १.३३ आणि काचेचा १.५ च्या आसपास. साधी चिकटपट्टी लावली तरी हेच होतं. म्हणून बाथरूममध्ये खरबरीत बाजू शॉवरकडे ठेवू नका. पाणी उडालं की आडोसा गेला, शिवाय त्या खड्ड्यांत साबणाचा थर बसतो तो निघता निघत नाही.

धारांच्या काचेचं तंत्र वेगळं. तिची एकेक धार म्हणजे एकेक उभं भिंग, उजेडाला डावीकडे-उजवीकडे फाकवतं, वर-खाली नाही. म्हणून पलीकडचा माणूस उभ्या चिंध्यांसारखा दिसतो, चेहरा मोडतो, पण शर्टाचा निळा निळाच राहतो. हीच काच आडवी लावली तर माणूस कुठून कुठे गेला ते सगळं कळतं. दुकानात कुणी हे सांगत नाही आणि आपण नुसती डिझाइन बघून घरी येतो.

(दृश्य: पॅरिसमधल्या घराचा फोटो)

हे घर तर बघाच. पॅरिस, १९३२. वरच्या मजल्यावरच्या म्हातारीने घर सोडायला साफ नकार दिला, म्हणून पिएर शारो आणि बर्नार्ड बायवूट या वास्तुकारांनी तिचा मजला तसाच वर ठेवून खालचं पोखरून नवं घर बांधलं. मालक स्त्रीरोगतज्ज्ञ, दवाखाना तळमजल्यावर. पेशंट बायकांना आडोसा तर हवाच, आणि तपासायला उजेडही हवा. मग समोरची अख्खी भिंत काचेच्या विटांची केली. दिवसभर उजेड आत येतो आणि आतलं काही दिसत नाही. मेझों द वेर, म्हणजे काचेचं घर.

काच बसवायच्या आधी एवढं बघा: दारं, शॉवर, जिथे माणूस आपटू शकतो तिथे टफन (तापवून झटकन थंड करून मजबूत केलेली) नाहीतर लॅमिनेटेड (दोन काचांमध्ये पारदर्शक थर चिकटवलेली) काचच घ्या. टफन केल्यावर कापता येत नाही, मापं आणि भोकं आधी ठरवा. फार खोल नक्षीच्या काही काचा टफन होतच नाहीत.

(दृश्य: रात्र, दोघं जण काचेचा पत्रा धरून उभे)

आणि हे शेवटचं, आम्ही मुद्दाम रात्री शूट केलं. दिवसा उजेड बाहेर जास्त असतो तेव्हा कुठलीही नक्षी चालून जाते, खरी परीक्षा आत दिवा लागल्यावर. पत्रा फ्रेममध्ये बसवायच्या आधी या दोघांनी तो नुसता धरलाय, मागे दिवा लावलाय, आणि तिसरा माणूस दिव्याच्या आणि काचेच्या मधून चालत येतोय. लांब आहे तोवर नुसता एक गडद डाग. जवळ आला, खांदे कळायला लागले. अजून एक पाऊल, आता हात वर केला तेही दिसतंय.

नाही, ही नको. याच्यापेक्षा खोल धारांची आणा.

(दुसरा पत्रा येतो. दिवा तसाच. माणूस परत चालायला लागतो.)