काडी पुरत नाही तेव्हा

[दृश्य : बाकावर काडेपेट्या, काळी रबरी नळी, मुलांचे हात]

सहावीचा वर्ग, विज्ञानाचा तास. काडीचा गुल खरवडून काढायचा. सायकलच्या दुकानात व्हॉल्व्हची रबरी नळी मिळते, तिचा लहानसा तुकडा कापायचा आणि दोन्ही टोकांतून एकेक काडी आत सरकवायची. झाला सांधा. तीन काड्यांचा त्रिकोण केला तर कितीही ढकला, हलत नाही. चार काड्यांचा चौकोन मात्र बोट लागताच कलंडतो.

[दृश्य : त्रिकोण, चौकोन, पंचकोन एकामागून एक]

हा खेळ होशंगाबादचा. मध्य प्रदेशातल्या या जिल्ह्यात 1972 साली किशोर भारती आणि फ्रेंड्स रूरल सेंटर या संस्थांनी 16 शाळांमध्ये प्रयोगातून विज्ञान शिकवायला सुरुवात केली. ‘बाल वैज्ञानिक’ हे त्यांचं पुस्तक. त्यात प्रयोग होते, प्रश्न होते. उत्तरं मुलांनी शोधायची. परीक्षेलासुद्धा पुस्तक सोबत नेता यायचं! 1978 साली पुण्यात टेल्कोत (आजची टाटा मोटर्स) काम करणारे इंजिनिअर अरविंद गुप्ता रजा काढून तिथं गेले आणि काड्या-नळीचे हे सांधे तिथं तयार झाले. पुढे हे गुप्ता पुण्यात, आयुका या खगोलशास्त्राच्या संशोधन संस्थेतल्या मुलांच्या मुक्तांगण विज्ञान शोधिकेत, टाकाऊ वस्तूंतून खेळणी करत राहिले. होशंगाबादचा कार्यक्रम 2002 साली सरकारनं बंद केला.

[दृश्य : एका मुलीचे हात, अगदी जवळून]

बाईंनी विचारलंय, चौकोन ताठ कसा करायचा? ही मुलगी समोरासमोरचे कोपरे जोडू बघतेय. बाभळीच्या काट्यानं सांध्याला भोक पाडलं, काडी खुपसली.

“बाई, काडी पुरत नाही.”

बाई काहीच बोलत नाहीत. अशा वेळी गप्प राहणं शिक्षकाला फार जड जातं, आणि या तासातलं सगळ्यात मोलाचं काम आम्हाला तेच वाटतं. मुलगी उठते, खराट्याची एक काडी उपसते, लावून बघते, तोडते. चौकोन ताठ! पट्टीनं मोजलं तर ही काडी बाजूच्या साधारण 1.4 पट भरते. तिरप्या काडीचं हे माप सांगणारा पायथागोरसचा नियम सातवीच्या पुस्तकात आहे. हिला तो आजच लागला.

[दृश्य : खिडकीबाहेर विजेचा टॉवर]

“म्हणून टॉवरला तिरप्या पट्ट्या!” मागून एक मुलगा ओरडतो. लगेच दुसरा विचारतो, “मग एका चौकटीत दोन-दोन कशाला? एक पुरते ना?”

बाई तो प्रश्न फळ्यावर लिहितात. उद्याचा तास त्याचाच. धडा एक दिवस मागे पडेल, तर पडू दे.