न छेडलेला गंधार

मंडपाच्या मागे कनाती लावून उभारलेल्या या छोट्या खोलीत गाणे अजून सुरू झालेले नाही. दोन शिष्या समोरासमोर बसल्या आहेत, दोघींच्या पुढ्यात मिरजेचा एकेक तंबोरा आहे, आणि गेला पाऊण तास त्या फक्त तारा लावत आहेत. ज्यांची मैफल आहे ते गायक कोपऱ्यात डोळे मिटून बसले आहेत. मधूनच ते मान हलवतात आणि एखादी खुंटी पुन्हा थोडी सैल केली जाते.

आमच्या माहितीपटात दिसणारा हा पुण्याचा सवाई गंधर्व भीमसेन महोत्सव आहे. गुरू सवाई गंधर्व, म्हणजेच रामभाऊ कुंदगोळकर, १९५२ मध्ये निवर्तले, आणि त्यांच्या स्मरणार्थ पंडित भीमसेन जोशी यांनी पुढच्याच वर्षी हा महोत्सव सुरू केला. अनेक वर्षे तो रमणबागेच्या मैदानावर भरत असे. २०१८ पासून तो मुकुंदनगरला महाराष्ट्रीय मंडळाच्या क्रीडासंकुलात होतो. डिसेंबर लागला की पुण्यातली माणसे एकमेकांना ‘यंदा सवाईला कधी?’ एवढेच विचारतात. पुढचे काही सांगावे लागत नाही.

भारतीय बैठकीत पुढची जागा मिळावी म्हणून दुपारीच आलेल्या या बाई साताऱ्याच्या निवृत्त शिक्षिका आहेत. पिशवीत शाल आहे, पाठीला टेकण्यासाठी छोटी उशी आहे आणि चहाचा थर्मास आहे. आपल्या आवडत्या गायकाची उपलब्ध असलेली जवळजवळ सगळी ध्वनिमुद्रणे त्यांनी घरी इतक्या वेळा ऐकली आहेत की कोणत्या तानेनंतर कोण दाद देतो, हेही त्यांना पाठ आहे. तरीही त्या साताऱ्याहून एसटीने येतात. कारण विचारल्यावर त्यांनी उत्तर दिले नाही, फक्त स्वरमंचाकडे बोट दाखवले. तेथे तेव्हा काहीच नव्हते. पांढरी चादर अंथरलेली होती आणि तंबोरे यायचे होते.

त्या तंबोऱ्यांचा शोध घेत आम्ही मिरजेला गेलो. येथील सतारमेकर घराणी मूळची शिकलगारांची, म्हणजे शस्त्रांना धार लावणाऱ्यांची. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास फरीदसाहेबांनी वाद्ये दुरुस्त करायला आणि पुढे घडवायला सुरुवात केली, आणि तलवारीच्या पात्यावर फिरणारे हात तंबोऱ्याच्या दांडीवर फिरू लागले. तंबोऱ्याचा भोपळा आपण भाजीला आणतो तो नव्हे. सोलापूर जिल्ह्यात, पंढरपूर आणि मंगळवेढ्याच्या बाजूला, मुद्दाम वाद्यांसाठी म्हणून पिकवलेला हा कडू भोपळा वेलावरच पुरता जून होऊ दिला जातो, मग वाळवला जातो, आणि वाळल्यावर त्याची साल लाकडासारखी टणक होते. कारागीर तो विकत घेताना बोटाच्या पेराने टकटक करून ऐकतात. पडद्यावर दिसणारे हे वृद्ध कारागीर एकामागून एक सात भोपळे ठोकून पाहतात आणि त्यांतला एकच बाजूला ठेवतात.

भोपळ्यावर तबली, म्हणजे लाकडी झाकण बसते, तबलीवर तारा पेलणारी घोडी बसते, आणि तंबोऱ्याचा सगळा जीव या घोडीच्या पाठीत आहे. ती वरून सपाट दिसते, पण सपाट नसते. कानसीने घासून तिला इतका सूक्ष्म उतार दिलेला असतो की कंप पावणारी तार तिला पुन:पुन्हा हलकेच स्पर्श करते आणि त्या स्पर्शातून तारेच्या पोटातले बारीक स्वर मोकळे होतात. यालाच जवारी काढणे म्हणतात. जवारी कानाने काढली जाते. कारागीर दोन वेळा घासतो, तार चढवतो, ऐकतो, तार उतरवतो, पुन्हा दोन वेळा घासतो. आमच्या कॅमेऱ्यासमोर हे काम सलग दोन तास चालले होते, आणि त्या दोन तासांत कोणीही एक शब्द बोलले नाही.

किराणा घराण्याचे गायक अब्दुल करीम खाँसाहेब याच मिरजेत स्थायिक झाले होते आणि येथील दर्ग्याच्या आवारातच त्यांची कबर आहे. त्यांच्या ठुमरीची एक ध्वनिमुद्रिका गदगच्या एका अकरा वर्षांच्या मुलाने ऐकली, आणि असे गाणे आपल्याला यावे म्हणून १९३३ मध्ये तो घर सोडून गुरूच्या शोधात निघाला. पुढे त्याला गुरू लाभले ते खाँसाहेबांचेच शिष्य, कुंदगोळचे सवाई गंधर्व. तबकडीने त्या मुलाला घराबाहेर काढले खरे, पण त्याची तहान भागली ती गुरूच्या समोर बसून, तंबोऱ्याच्या सान्निध्यात. १९४६ मध्ये गुरूंच्या साठीनिमित्त पुण्यात झालेल्या मैफलीत तोच मुलगा, म्हणजे तरुण भीमसेन जोशी, गायला आणि ऐकणारे त्याला विसरले नाहीत.

आता पुन्हा ग्रीनरूममध्ये येऊ. आधी जोडाच्या दोन तारा षड्जात, म्हणजे ‘सा’मध्ये मिळवल्या जातात. त्या पुरत्या मिळालेल्या नसतात तेव्हा आवाजात एक लाट येत राहते. तारा जसजशा जवळ येतात तसतशी ती लाट मंदावते आणि अखेर नाहीशी होते. मग पंचम, मग पितळी तारेचा खर्ज, म्हणजे खालचा ‘सा’. मोठा फरक खुंटीने काढला जातो, बारीक फरक घोडीखालचा मणी सरकवून. शेवटी येतो तो दोरा: तार आणि घोडी यांच्यामध्ये सरकवलेला सुताचा साधा धागा. तो केसभर पुढे गेला तर तार मुकी होते, केसभर मागे आला तर ती चरचरते, आणि नेमक्या जागी थांबला की तार उघडते.

नेमका तो क्षण आमच्या चित्रीकरणात आला आहे. शिष्या खर्ज छेडते, आणि त्या तारेतून हळूहळू गंधार, म्हणजे ‘ग’ हा स्वर, वर येतो. तंबोऱ्यात गंधाराची तार नसते. खर्जाच्या कंपनांच्या पाचपट वेगाने होणारी कंपने त्याच तारेत दडलेली असतात. जवारी चांगली असेल आणि लावणे खरे असेल तरच ती कानावर येतात. गवय्ये त्याला स्वयंभू गंधार म्हणतात. कोपऱ्यातले गायक डोळे उघडतात आणि प्रथमच हसतात.

मैफल सुरू होते. येथून पुढे आमचा कॅमेरा श्रोत्यांकडे वळलेला आहे, आणि आमच्या मते तो योग्य जागी होता. राग यमन आहे. गायक बराच वेळ मंद्र निषादावर थांबतात, ऋषभाला स्पर्श करतात, आणि गंधारावर येतात. यमनाचा वादी, म्हणजे सर्वांत महत्त्वाचा स्वर गंधार, आणि तोच गंधार मागच्या दोन तंबोऱ्यांतून आधीपासून वाहत असतो. दोन्ही गंधार एकमेकांत मिसळतात त्या वेळी साताऱ्याच्या बाईंचा हात पाहावा. मांडीवरची शाल घट्ट धरलेली त्यांची बोटे आपोआप सुटतात. ही जागा त्यांनी घरी शेकडो वेळा ऐकली आहे, पण घरच्या छोट्या स्पीकरमध्ये खर्ज आणि त्यातून उमलणारा गंधार पुरता उतरत नाही. येथे तो हवेतून येतो, जमिनीतून येतो, शेजारी बसलेल्या अनोळखी माणसाच्या सुटलेल्या श्वासातून येतो.

मध्येच गायक थांबतात. दिव्यांच्या उष्णतेने तारा सैलावल्या आहेत, स्वर किंचित उतरला आहे. हजारो माणसांसमोर ते मागे वळून तंबोरा पुन्हा लावून घेतात, आणि सारा मंडप निमूटपणे वाट पाहतो. ध्वनिमुद्रणात हा भाग नेहमी कापला जातो. आम्ही तो पूर्ण ठेवला आहे.

ध्वनिक्षेपकावरील वेळेच्या निर्बंधांमुळे आता रात्रभराच्या बैठका होत नाहीत आणि पहाटेचे राग त्यांच्या वेळी ऐकायला मिळत नाहीत. मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. मात्र रियाजासाठी इलेक्ट्रॉनिक तंबोरा आणि मोबाइलमधील ॲप सर्रास वापरले जाऊ लागले आहेत, आणि आम्ही चित्रित केलेल्या त्या वृद्ध कारागिरांची मुले या धंद्यात नाहीत.

मैफल संपली आहे. बाई थर्मास पिशवीत ठेवतात, उशी उचलतात, आणि निघण्याआधी स्वरमंचाच्या कडेशी जाऊन थोडा वेळ उभ्या राहतात. गायक निघून गेलेले आहेत. एक शिष्या तंबोऱ्यावर गवसणी चढवत आहे. बाई तिला काही विचारतात. ध्वनी आमच्या यंत्रात आलेला नाही. शिष्या गवसणी पुन्हा खाली करते, तंबोरा बाईंच्या बाजूला वळवते, आणि बाई वाकून कान भोपळ्याजवळ नेतात.