गुलाबचं शाहीन कसं झालं?

श्रोतेहो, नमस्कार.

सप्टेंबर २०२१चा शेवटचा आठवडा मराठवाड्यातले शेतकरी विसरलेले नाहीत. २६ तारखेच्या संध्याकाळी 'गुलाब' चक्रीवादळ आंध्रच्या उत्तर किनाऱ्यावर, कलिंगपट्टणमजवळ धडकलं. जमिनीवर त्याचा वारा पडला, पण पाण्याने गच्च भरलेले ढग घेऊन ते पश्चिमेला सरकत राहिलं आणि मराठवाड्यात काढणीला आलेलं सोयाबीन पाण्याखाली गेलं. मग गुजरातच्या बाजूने ते अरबी समुद्रात उतरलं, उबदार पाण्यावर पुन्हा बळावलं आणि ३ ऑक्टोबरला ओमानवर आदळलं. तिथे त्याला सगळे 'शाहीन' म्हणत होते.

एकाच वादळाला दोन नावं का? कारण आपल्या समुद्रात नाव मिळतं ते वाऱ्याच्या वेगावर. तीन मिनिटांचा सरासरी वेग ताशी ३१ ते ४९ किलोमीटर असेल तर ते डिप्रेशन, ५० ते ६१ असेल तर डीप डिप्रेशन. ही दोन्ही बिननावाचीच. वेग ६२ला पोचला की ते चक्रीवादळ ठरतं आणि यादीतलं पुढचं नाव त्याला लागतं. भर समुद्रात वारा मोजायला जहाजं आणि तरंगते बोये मोजकेच असतात. म्हणून उपग्रहाच्या चित्रात ढगांची गुंडाळी कशी आणि किती घट्ट आहे ते पाहून एक आकडा काढतात, त्याला टी-नंबर म्हणतात. तो २.५ झाला की चक्रीवादळ. गुलाब जमिनीवर विरून नुसतं कमी दाबाचं क्षेत्र उरलं, तिथेच त्याचं नाव संपलं. समुद्रावर ते नव्याने चक्रीवादळ झालं, म्हणून नवं नाव. वाटेत असं विरलं नाही तर जुनंच नाव टिकतं. जानेवारी २०१९मध्ये 'पाबुक' थायलंड ओलांडून अंदमानच्या समुद्रात आलं, ते पाबुक म्हणूनच.

बंगालचा उपसागर आणि अरबी समुद्र यांतल्या वादळांची नावं दिल्लीहून, भारतीय हवामान विभागाकडून जाहीर होतात. २००० साली मस्कतच्या बैठकीत आठ देशांनी ही पद्धत तत्त्वतः मान्य केली आणि सप्टेंबर २००४पासून ती सुरू झाली. ओडिशाचं १९९९चं महाभयंकर वादळ त्याआधीचं, त्यामुळे त्याला नावच नाही. आठ देशांची ६४ नावं मे २०२०मध्ये 'अम्फान'पाशी संपली. तोवर इराण, कतार, सौदी अरेबिया, अमिराती आणि येमेन सामील झाले होते. एप्रिल २०२०मध्ये १३ देशांची प्रत्येकी १३, अशी १६९ नावांची नवी यादी आली. तिच्यातलं पहिलंच नाव 'निसर्ग'. ३ जूनला ते रायगडच्या किनाऱ्यावर आलं.

नावं देशांच्या इंग्रजी नावांच्या अक्षरक्रमाने घेतली जातात. आधी बांगलादेश, मग भारत, शेवटी येमेन, आणि पुन्हा बांगलादेश. वादळ कुठे उठलं याच्याशी नावाचा संबंध नसतो. 'गुलाब' पाकिस्तानने सुचवलेलं नाव, पण वादळ बंगालच्या उपसागरातलं. अटलांटिकमध्ये सहा याद्या आलटूनपालटून वापरतात आणि कतरिनासारखं विध्वंसक नाव कायमचं बाजूला काढतात. आपल्याकडे कुठलंच नाव दुसऱ्यांदा येत नाही.

नाव निवडतानाचे नियम कडक आहेत. राजकारण, धर्म, संस्कृती, स्त्री-पुरुष यांपैकी कशाचीही बाजू त्यात दिसू नये, क्रूर वाटू नये, इंग्रजीत आठपेक्षा जास्त अक्षरं नसावीत. तरी चूक होते. २०१३मध्ये श्रीलंकेने दिलेलं 'महासेन' हे नाव तिथल्याच लोकांना खटकलं. महासेन हा भरभराट आणणारा राजा, त्याचं नाव विध्वंसाला कसं द्यायचं? अखेर ते 'वियारू' झालं. उच्चारही देशाने स्वतः ध्वनिमुद्रित करून द्यायचा असतो. म्यानमारच्या २०२१च्या नावाचं स्पेलिंग वाचून आपण 'तौक्ते' म्हणत राहिलो. त्यांचा उच्चार 'ताउते', म्हणजे पाल.

एवढा खटाटोप कशासाठी? ऑक्टोबर २०१९च्या अखेरीस अरबी समुद्रात 'क्यार' आणि 'महा' एकाच वेळी फिरत होती. अक्षांश-रेखांश सांगून बोटीवरच्या तांडेलाला कुठलं वादळ कुठे चाललंय हे कसं कळणार? नाव एका दमात कळतं, वायरलेसवरही.

पण बातमीत नाव येण्याची वाट पाहू नका. डीप डिप्रेशनला नाव नसतं, तरी त्याच्या वाऱ्यात छोटी होडी उलटते. बंदरावर तीन नंबरचा बावटा लागला असेल तर होडी किनाऱ्यावर ओढून घ्या. चक्रीवादळ झालं की दर तीन तासांनी नवं पत्रक येतं. त्यात केंद्र कुठे आहे, कुठल्या दिशेला सरकतंय आणि वारा किती, हे तीन आकडे लिहून ठेवा आणि मागच्या पत्रकाशी ताडून पाहा.