सॉल्टसाहेबाची चाळ

नमस्कार मंडळी. वडे गार व्हायच्या आत आटपा, असं मला बजावण्यात आलंय. वडे मीच तळलेत, तेव्हा घाई कुणालाच नसावी.

आपल्या मराठी मंडळाची सॉल्टेअरची, म्हणजे इंग्लंडातल्या ब्रॅडफर्डजवळच्या त्या जुन्या गिरणीगावाची, सहल झाल्यापासून आमच्या घरात भांडण पेटलंय. एका बाजूला माझी आई, दुसऱ्या बाजूला लेक, आणि दोघींची बोलणी खायला मी.

वाद सर टायटस सॉल्ट या गिरणीमालकावरून. 1849 च्या कॉलऱ्यात हा ब्रॅडफर्डचा महापौर होता. ती घाण, तो धूर बघून त्याने शहराबाहेर एअर नदीकाठी जागा घेतली आणि 20 सप्टेंबर 1853 ला, स्वतःच्या पन्नासाव्या वाढदिवशी, अल्पाका लोकरीची अवाढव्य गिरणी सुरू केली. मग भोवती आठशेवर दगडी घरं बांधली. घरात नळ, गॅस, आणि मागच्या अंगणात ज्याचा त्याचा संडास. आई तिथेच विरघळली. लालबागच्या एका खोलीत तिने संसार केला; पहाटे टमरेल घेऊन रांगेत उभं राहणं म्हणजे काय, हे इथे निम्म्यांना तरी सांगायला नको. म्हाताऱ्या लोकांसाठी 45 घरं, वर दर आठवड्याला पेन्शन, हे कळल्यावर तिने तिथल्या भिंतीला हात लावून नमस्कार केला. "देवमाणूस गं!"

लेक सोळाची. "आजी, घरं त्यांच्या नावावर झाली?" नाही, भाड्याची. "गावात पब?" त्याला चालत नव्हतं, म्हणून नाही. (पुढे तिथे बार निघालाच. नाव काय, तर 'डोन्ट टेल टायटस'!) "रस्त्यांना नावं कुणाची?" कॅरोलिन त्याची बायको, एडा, हेलन, फॅनी या मुली. अकरा पोरांचा बाप, त्याला नावांची काय ददात! मग शाळेसमोरच्या दगडी सिंहाला टेकून ती म्हणाली, "माझ्याहून लहान मुलं अर्धा दिवस गिरणीत राबायची आणि अर्धा दिवस शाळेत बसायची. त्यांना विचारलं होतं का कुणी?"

आई तडकली. "तुझ्या आजोबांना तरी कुणी विचारलं होतं?"

बाबा मुंबईच्या गिरणीत साचेखात्यात, म्हणजे मागांवर, होते. 18 जानेवारी 1982 ला गिरणी कामगारांचा संप सुरू झाला, त्यानंतर ते पुन्हा पाळीवर गेले नाहीत. पुढचं तुम्हाला ठाऊक आहे. आता त्यांच्या गिरणीच्या जागी टॉवर आहेत. सॉल्टची गिरणी 1986 ला बंद पडली, तिथे आता डेव्हिड हॉकनी या चित्रकाराची चित्रं लागलीत. आई चित्रांकडे पाठ करून लोखंडी खांब बघत होती. साचे कुठे असतील, पट्टा कुठून जात असेल, याचा अंदाज घेत होती.

मला विचाराल तर संडासाच्या बाबतीत मी आईच्या बाजूची, बाकी लेकीच्या. सॉल्टने दिलं ते भरभरून दिलं. 1876 साली तो गेला तेव्हा अंत्ययात्रेला लाखभर माणूस रस्त्यावर उभा होता. तेवढी माणसं काही मालकाच्या धाकाने जमत नाहीत. पण द्यायचं काय, हे ठरवलं त्यानेच. आपल्या मुंबईच्या कामगाराची रविवारची सुट्टी बघा. 1884 पासून कामगार पुढारी नारायण मेघाजी लोखंडे ती मागत होते, 1890 ला मिळाली. ती कुणी वाढदिवसाला भेट दिलेली नाही.

आणि आपण? आपल्या गणपतीच्या पत्रिकेत देणगीदारांची नावं गणपतीपेक्षा मोठ्या टाइपात असतात. मुलांसाठी लेझीम, मुलांसाठी नाट्यगीतं, मुलांसाठी रविवारची मराठी शाळा, सगळं आपण ठरवतो, आणि मुलं येत नाहीत म्हणून रुसतो. आली, तर खुर्च्या उचलायला लावतो. कार्यकारिणीत सगळ्यात तरुण मी, आणि मला डॉक्टरांनी गुडघा बदलायला सांगितलाय!

लेकीने आता अर्ज दिलाय. एकवीसच्या आतल्या मुलांसाठी कार्यकारिणीत दोन जागा, आणि त्या मतासकट. आज जेवणानंतर तो सभेपुढे येईल. मंडळाची घटना बदलायला दोन तृतीयांश मतं लागतात. मी अजून त्यावर सही केलेली नाही. कारण समजा, त्यांनी पहिल्याच बैठकीत मराठी शाळा बंद करायचं ठरवलं, तर? तिला मी तसं सरळ विचारलं. "बघू," म्हणाली.